पायरी कोणती, पाटी कोणाची?

आमच्या नवीन पनवेलच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. एका सकाळी त्यांच्या हातातला चहाचा कप निसटला, तोंड एका बाजूला ओढलं गेलं, शब्द अडखळले. मुलाने लगेच रिक्षा आणली आणि सगळ्यात जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं. तिथे डॉक्टर होते, खाट होती, सलाइन होतं. सीटी स्कॅन नव्हतं. सलाइन लावण्यात आणि ‘मोठे डॉक्टर येतायत’ हे ऐकण्यात दीड तास गेला. दुसऱ्या ठिकाणी मशीन होतं, पण रात्रपाळीचा तंत्रज्ञ निघून गेला होता आणि दिवसाचा यायचा होता. तिसऱ्या ठिकाणी तपासणी होईपर्यंत दुपार झाली. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. तो वेळ रस्त्यात गेला होता. काका वाचले, उजवा हात मात्र अजून खांद्याच्या वर जात नाही.

त्या घरातलं कुणीही निष्काळजी नव्हतं. कोणत्या दुखण्याला कोणत्या पायरीवर जायचं हे त्यांना माहीत नव्हतं, आणि रोज ज्या दारावरून जायचे त्या दवाखान्याच्या पाटीवर काय लिहिलंय हे त्यांनी कधी वाचलं नव्हतं. खरं सांगायचं तर मीही वाचलं नव्हतं. नंतर वाचायला लागलो, चौकशी करायला लागलो, आणि जे कळलं ते पनवेलकरांसाठी इथे मांडतो आहे. बाकी महाराष्ट्रालाही ते थोड्याफार फरकाने लागू आहे.

एक तालुका, तीन धनी

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, राज्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. १ ऑक्टोबर २०१६ रोजी तिची महानगरपालिका झाली, रायगड जिल्ह्यातली पहिलीच. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, तळोजा आणि आजूबाजूची २९ गावं तिच्या हद्दीत आली. नेरे, वावंजे, आपटा, आजिवली, गव्हाण हा पट्टा पंचायतींकडे आणि जिल्हा परिषदेकडे राहिला. म्हणून एकाच तालुक्यात सरकारी आरोग्यसेवेचे तीन धनी झाले. गावातलं उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. शहरातली नागरी आरोग्य केंद्रं महापालिकेची. पनवेल शहरातलं उपजिल्हा रुग्णालय थेट राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचं, आणि त्याचे वरिष्ठ बसतात अलिबागला.

यात एक मजेशीर घोळ आहे. खारघरच्या माणसाच्या पत्त्यात ‘नवी मुंबई’ असतं, म्हणून तो तक्रार घेऊन नवी मुंबई महापालिकेकडे जातो. ती महापालिका ठाणे जिल्ह्यातली. खारघर पनवेल महापालिकेत आणि रायगड जिल्ह्यात. अर्ज तिथून परत येतो आणि तोवर पंधरा दिवस गेलेले असतात. तेव्हा पहिलं काम: आपलं घर नेमकं कुणाच्या हद्दीत आहे हे मालमत्ता कराच्या पावतीवरून बघून ठेवा. घरपट्टी जो घेतो, आरोग्याच्या बहुतेक तक्रारीही त्याच्याच दारी जातात.

खालच्या पायरीला हलकं समजू नका

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, १९४६ मध्ये, भोर समितीने आरोग्यसेवेची जी उतरंड सुचवली तीच थोडीफार बदलत आजवर चालली आहे. सपाट भागात साधारण ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि ३०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. डोंगरी आणि आदिवासी भागासाठी हेच आकडे ३,००० आणि २०,०००. त्यावर ग्रामीण रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालय, मग जिल्हा रुग्णालय, आणि सगळ्यांत वर वैद्यकीय महाविद्यालयांची व खास आजारांची रुग्णालयं.

कागदावर हे सरळ दिसतं. प्रत्यक्षात आपण काय करतो? सर्दी-तापाला सुपरस्पेशालिटीत रांग लावतो, आणि साप चावला की प्राथमिक आरोग्य केंद्रासमोरून गाडी सुसाट मुंबईकडे काढतो. दोन्हीकडे उलटा कारभार.

उपकेंद्रात नर्सताई असतात, आता बऱ्याच ठिकाणी समुदाय आरोग्य अधिकारीही असतो. हल्ली उपकेंद्राच्या भिंतीवर ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ असं नाव दिसतं. ते नवीन काही उघडलेलं नाही, आपलं जुनंच उपकेंद्र आहे. बाळाच्या लसी, गरोदरपणातली नोंदणी, रक्तदाब आणि साखरेची तपासणी, त्याच्या महिन्याभराच्या गोळ्या या कामांसाठी याच्यापलीकडे जायची गरज नसते. गावातली आशाताई या सगळ्याची वाट दाखवते. २००५ पासून ती व्यवस्थेचा भाग आहे, आणि माझ्या मते तालुक्यातल्या कुठल्याही मोठ्या डॉक्टरपेक्षा तिचा मोबाइल नंबर आधी जवळ असावा.

प्राथमिक आरोग्य केंद्रात एमबीबीएस किंवा आयुर्वेद पदवीधर वैद्यकीय अधिकारी असतो, चार-सहा खाटा असतात, बाळंतपण होतं, रक्त-लघवी-थुंकीच्या तपासण्या होतात. क्षयरोगाची तपासणी आणि औषधं फुकट आहेतच. शिवाय उपचार चालू असेपर्यंत पोषण आहारासाठी सरकार पैसे देतं, ते नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० वरून १,००० रुपये झाले. हे माहीत नसल्यामुळे खासगीत महागडी औषधं घेणारी आणि दोन महिन्यांत ती सोडून देणारी माणसं आपल्या आसपास आहेत.

सापाचं मात्र नीट ऐका. माथेरानच्या पायथ्याशी धोदाणी-मालडुंग्याकडे किंवा कर्नाळ्याच्या रानाकडे पावसाळ्यात सर्पदंश होतच असतात. सापाच्या विषावरचं प्रतिविष प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवलेलं असतं. करकचून दोरी बांधणं, चिरा मारणं, भगताकडे नेणं यात जी मिनिटं जातात ती परत येत नाहीत. चावलेला भाग हलवू न देता, माणसाला चालायला न लावता जवळच्या केंद्रात न्या. पहिला डोस तिथे घेऊन मग पुढे हलवणं हे सरळ पनवेल-मुंबई गाठण्यापेक्षा शहाणपणाचं. कुत्रा चावला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, हळद-मिरची काही लावू नका, आणि त्याच दिवशी केंद्र गाठा. जखम खोल असेल तर लशीबरोबर आणखी एक इंजेक्शन लागतं आणि त्यासाठी तिथले डॉक्टर तुम्हाला वर पाठवतील.

प्राथमिक आरोग्य केंद्राला नाक मुरडणाऱ्यांना मी नेहमी आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट सांगतो. १९७६ मध्ये, रायगडचं नाव अजून कुलाबा होतं तेव्हा, महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. कोकणातला लाल विंचू चावला की त्या काळी माणसं, त्यातही मुलं, पटापट दगावत. हे डॉक्टर रात्र रात्र रुग्णापाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, फुप्फुसातलं पाणी यांच्या नोंदी करत राहिले. विंचवाच्या विषाने मरण येतं ते हृदयावरच्या ताणामुळे, हे त्यांनी नोंदींतून दाखवलं, आणि रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिन ही साधी गोळी त्यावर चालते हेही सिद्ध केलं. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगद्विख्यात नियतकालिकात ते छापून आलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जगभर जे उपचार पोचले त्यांची सुरुवात अशा पायरीवर झाली जिथे आपण ‘तिथे काय मिळणार’ म्हणून जात नाही.

मधली आणि वरची पायरी

उपजिल्हा रुग्णालय ही पनवेलसाठी कणा ठरणारी पायरी. पूर्वी इथे ग्रामीण रुग्णालय होतं. भूल देणारे, स्त्रीरोग, बालरोग, अस्थिरोग असे तज्ज्ञ या पातळीवर अपेक्षित असतात. सिझेरियन, हर्नियासारख्या शस्त्रक्रिया, हाड मोडणं, तीव्र जुलाब-ताप यांसाठी इथे जावं. गरोदर बाईचं बाळंतपण, लागल्यास सिझेरियन, औषधं, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी हे सरकारी रुग्णालयात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात मोफत आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायकांची खास तपासणी असते. जोखमीची बाई त्या दिवशी ओळखली गेली तर नवव्या महिन्यात धावाधाव होत नाही.

जिल्हा रुग्णालय अलिबागला, आणि २०२१ पासून तिथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. पण पनवेलहून अलिबाग सत्तर-एक किलोमीटर, पेण-वडखळची वाहतूक सोसत. जेजे किंवा केईएम त्याहून जवळ. त्यामुळे पनवेलचा रुग्ण कागदावर दक्षिणेला पाठवला जातो आणि प्रत्यक्षात उत्तरेला जातो. मी म्हणेन, रुग्णाचा जीव महत्त्वाचा, जिल्ह्याची हद्द नव्हे. मात्र पाठवणाऱ्या डॉक्टरकडून संदर्भ चिठ्ठी घेतल्याशिवाय कुठेही हलू नका. दिलेली औषधं, डोस आणि वेळ त्या चिठ्ठीवर असते. ती नसेल तर वरच्या ठिकाणी सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

कर्करोगासाठी खारघरला टाटा स्मारक केंद्राचं अ‍ॅक्ट्रेक आहे, कामोठ्याला एमजीएम वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. एवढ्या जवळ एवढं असलेले तालुके राज्यात मोजकेच निघतील. तळोजा एमआयडीसीत काम करणाऱ्यांपैकी ज्यांचा पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत आहे त्यांच्यासाठी कामगार विमा योजना आहे आणि तिचं रुग्णालय वाशीला आहे. पगारातून वर्गणी कापली जाते, पण कार्ड मात्र पुष्कळांनी काढलेलंच नसतं. ते कंपनीकडून मागून घ्या.

पायऱ्या चढत जाण्याचा हा नियम मोडायचे प्रसंगही आहेत. छातीत दाबल्यासारखं दुखून घाम फुटणं, तोंड वाकडं होणं किंवा एक हात-पाय लुळा पडणं, आणि मोठा अपघात. या तिन्हींत जवळचं ठिकाण पुरत नाही, लागणारी सोय असलेलं जवळचं ठिकाण हवं. निघण्याआधी फोन करून एकच प्रश्न विचारा: “सीटी स्कॅन आत्ता चालू आहे का?” किंवा “हृदयाचे डॉक्टर आत्ता आहेत का?” ‘येतील’ असं उत्तर आलं तर पुढचा नंबर लावा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका राज्यात २०१४ पासून आहे, फुकट आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. खासगी गाडीत तो नसतो.

द्रुतगती मार्ग कळंबोलीला सुरू होतो, गोव्याचा महामार्ग पळस्प्याला फुटतो, उरणच्या बंदराचे कंटेनर दिवसरात्र धावतात. पनवेलकराला अपघात बघण्याची वेळ कधीतरी येतेच. जखमीला रुग्णालयात पोचवणाऱ्याला पोलिसांनी अडकवून ठेवायचं नाही, नाव सांगायची सक्ती करायची नाही, असं मोटार वाहन कायद्यातच २०१९ च्या दुरुस्तीने लिहिलं आहे. मे २०२५ मध्ये केंद्राने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांच्या रोकडरहित उपचारांची योजना लागू केली. आणि तातडीच्या रुग्णाला कोणताही डॉक्टर, सरकारी असो की खासगी, पोलिसांची कागदपत्रं होईपर्यंत ताटकळत ठेवू शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगून ठेवलं आहे.

पैशांचं

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून तपासण्या-उपचारांपर्यंत सारं निःशुल्क आहे. महापालिकांची रुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालयं यात येत नाहीत, तिथले दर वेगळे. हा फरक कळला नाही की काउंटरवर भांडण होतं.

मोठ्या आजाराला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी नावाने ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत रायगड होता. म्हणजे आपण तिचे पहिले लाभार्थी. आता ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडलेली असून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि केवळ पिवळ्या-केशरी नव्हे तर सर्व शिधापत्रिकाधारकांसाठी ती खुली झाली आहे. लोक इथे एक चूक हमखास करतात. आधी अनामत भरतात, दोन दिवसांनी योजनेचं कानावर येतं, मग पैसे परत मागतात. ते मिळवताना नाकी नऊ येतात. म्हणून दाखल होतानाच योजनेच्या टेबलावरचा आरोग्यमित्र शोधा, शिधापत्रिका आणि आधार दाखवा, आणि विचारा: हे रुग्णालय योजनेत आहे का, हा आजार यादीत आहे का? दोन्ही ‘हो’ असतील तरच पुढे बोला. नसेल तर १५५३८८ या क्रमांकावर विचारा, जवळचं योजनेतलं रुग्णालय ते सांगतात.

धर्मादाय रुग्णालयांचंही असंच. सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेल्या आणि सवलती घेणाऱ्या रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या, ही मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये घालून दिलेली योजना. वार्षिक उत्पन्न १ लाख ८० हजारांपर्यंत असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. उत्पन्नाचा दाखला तहसील कार्यालयातून मिळतो आणि तो आजारपणाच्या आठवड्यात मिळत नाही. घरात डायलिसिस, कर्करोग, हृदयरोग यांपैकी काही असेल तर दाखला आधीच काढून ठेवा.

आता पाटीकडे

खासगी रुग्णालय कुणाच्या परवानगीने चालतं? केंद्राने २०१० मध्ये वैद्यकीय आस्थापनांचा कायदा केला, पण महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही. आपल्याकडे अजून १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदाच चालतो, दुरुस्त्या करत करत. त्याप्रमाणे जिथे रुग्ण दाखल करून घेतले जातात त्या प्रत्येक जागेला नोंदणी हवी. महापालिका हद्दीत ती पालिकेच्या आरोग्य विभागाकडे, बाहेर जिल्ह्याच्या आरोग्य यंत्रणेकडे. नोंदणी तीन वर्षांची असते आणि ३१ मार्चला संपते. प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलंच पाहिजे. त्यावर कुणाच्या नावाने, कोणत्या पत्त्यावर आणि किती खाटांसाठी नोंदणी आहे हे असतं. एकदा बिलाच्या रांगेत उभे असताना तारीख आणि खाटा वाचा, आणि वॉर्डातल्या खाटा मोजून बघा. मी मोजल्या आहेत. हिशोब नेहमी जुळतोच असं नाही.

जानेवारी २०२१ मध्ये या कायद्याचे नियम सुधारले आणि रुग्णहक्कांची सनद त्यात आली. दाखल होण्याआधी अंदाजे खर्च विचारणं, बाबवार बिल मागणं, उपचारांचे कागद मिळणं, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेणं, स्त्री रुग्णाची पुरुष डॉक्टरने तपासणी करताना दुसरी स्त्री जवळ असणं, आणि बिल थकलं म्हणून मृतदेह न अडवणं. ही सनद आणि दरपत्रक रुग्णालयात लावणं बंधनकारक आहे. उपचारांच्या कागदांबद्दल तर वैद्यक परिषदेचा जुना नियमच आहे: मागितल्यापासून ७२ तासांत द्यायचे. अर्ज लेखी करा, प्रतीवर सही-शिक्का घ्या. तोंडी मागणी कुणाला आठवत नाही.

पण कायद्याला भोकं आहेत, ती सांगितली पाहिजेत. सरकारी आणि पालिकेची रुग्णालयं या कायद्याच्या कक्षेतच येत नाहीत. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून दहा बाळं गेली, नोव्हेंबरात अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभाग पेटला. मधे एप्रिलमध्ये विरारच्या खासगी रुग्णालयात तेच. आग नोंदणी बघून लागत नाही. आगीच्या उपकरणांची तपासणी वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून करून घेणं राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे लागतं. जिना मोकळा आहे की त्यात जुन्या खाटा रचल्यात, हे मात्र तुम्हीआम्हीही बघू शकतो.

दुसरं भोक म्हणजे दाखल न करणारे दवाखाने आणि पॅथॉलॉजी लॅब. खाट नसेल तर १९४९ चा कायदा लागत नाही. तिथे आधार फक्त डॉक्टरच्या स्वतःच्या नोंदणीचा. अ‍ॅलोपथीसाठी महाराष्ट्र वैद्यक परिषद, आयुर्वेद व युनानीसाठी महाराष्ट्र भारतीय वैद्यक परिषद, होमिओपथीची वेगळी. नावाखाली नोंदणी क्रमांक नसलेली पाटी दिसली तर संशय घ्या. क्रमांक असेल तर परिषदेच्या संकेतस्थळावर तपासा. लॅबच्या अहवालावर पॅथॉलॉजीतली पदव्युत्तर पदवी असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरची सही हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये म्हटलं आहे. स्कॅन करून चिकटवलेली एकच सही एकाच दिवशी चार लॅबच्या अहवालांवर दिसत असेल, तर तो डॉक्टर चार ठिकाणी एकदम बसतो का हे विचारायला हरकत नाही.

सोनोग्राफीच्या बाबतीत महाराष्ट्राने देशाच्या आधी, १९८८ मध्ये कायदा केला. केंद्राचा १९९४ मध्ये आला. नोंदणी प्रमाणपत्र आणि ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ हा फलक दोन्ही दिसले पाहिजेत. गरोदर बाईकडून लांबलचक फॉर्म भरून घेतात त्याचा कंटाळा करू नका. तो फॉर्म भरून न घेणारं केंद्र जास्त संशयास्पद.

आणखी एक सोपी परीक्षा: कचऱ्याचे डबे. २०१६ च्या नियमांप्रमाणे रक्त लागलेल्या पट्ट्या-बोळे पिवळ्यात, नळ्या-प्लास्टिक लाल डब्यात, सुया पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात, काच निळ्यात. एकाच काळ्या पिशवीत सगळं जाताना दिसलं तर ऑपरेशन थिएटरबद्दल काय समजायचं ते समजा.

पनवेल औषधांचं जुनं गाव. धूतपापेश्वरचा आयुर्वेदिक कारखाना इथला, १८७२ पासूनचा. म्हणून काढे, भस्मं यांवर इथल्या लोकांचा विश्वास घट्ट. तो असू द्या, पण आयुर्वेदिक औषधालाही अन्न व औषध प्रशासनाचा परवाना क्रमांक आणि उत्पादनाची तारीख लागते. पुडीत बांधून दिलेली बिननावाची ‘सांधेदुखीची पावडर’ परत करा.

तक्रार करायचीच वेळ आली तर

दार चुकलं की तक्रार मरते. रुग्णालयाची नोंदणी, दरपत्रक, मृतदेह अडवणं, कागद न देणं हे पालिका हद्दीत महापालिकेच्या वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांकडे. डॉक्टरच्या वागणुकीबद्दल किंवा पदवीबद्दल त्याच्या परिषदेकडे. औषध, रक्तपेढी यांबद्दल अन्न व औषध प्रशासनाकडे. योजनेत असूनही पैसे घेतले तर १५५३८८. धर्मादाय खाट नाकारली तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे. निष्काळजीपणाची भरपाई हवी असेल तर अलिबागचा जिल्हा ग्राहक आयोग. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ठरवलं आहे. काहीच हलत नसेल तर दहा रुपयांचं माहिती अधिकाराचं तिकीट लावून फक्त तीन गोष्टी मागा: नोंदणीची प्रत, मंजूर खाटा, शेवटच्या तपासणीचा अहवाल. मी अनुभवाने सांगतो, या अर्जानंतर फोन उचलले जातात.

हात मात्र उचलू नका. डॉक्टर-कर्मचाऱ्यांवर हल्ला, रुग्णालयाची मोडतोड यावर राज्याचा २०१० चा कायदा आहे. गुन्हा अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई. शिवाय ज्या नातेवाइकाने काच फोडली त्याच्या खऱ्या तक्रारीकडेही मग कुणी बघत नाही.

काकांच्या मुलाने त्या प्रकारानंतर एक काम केलं. आसपासच्या रुग्णालयांना रात्री साडेअकराला फोन करून सीटी स्कॅन चालू आहे का ते विचारलं आणि यादी करून सोसायटीच्या सूचना फलकावर लावली. खाली १०८, १५५३८८ आणि आपल्या वॉर्डाच्या नागरी आरोग्य केंद्राचा नंबर. तुम्हीही ही यादी तुमच्या भागापुरती करा, कालनिर्णयाच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, आणि दर सहा महिन्यांनी ते फोन पुन्हा लावून बघा. आमच्या यादीतले दोन नंबर वर्षभरातच बदलले होते.